सुधाकराचा अभ्यास कुठून सुरू करावा

एम. ए. मराठीला नाटक हा विशेष विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ केव्हा ना केव्हा येतेच. त्यातला सुधाकर दारूने नासला, हे वाक्य बहुतेक गाइडांत तयार मिळते. मी हे नाटक विद्यार्थी म्हणून वाचले आणि पुढे शिकवलेही. तेव्हा माझा पहिला सल्ला असा, की सुधाकर पहिला प्याला तोंडाला लावण्याआधी कसा आहे, ते संहितेत अगोदर पाहावे.

गरिबीतून केवळ बुद्धीच्या जोरावर वर आलेला हा वकील आहे. सासर श्रीमंत आहे, बायको सिंधू जीव लावणारी आहे, रामलालसारखा मित्र आहे. पण आपण जे आहोत ते स्वतःच्या हिमतीवर, ही जाणीव त्याला क्षणभरही सोडत नाही. कोर्टात खटका उडून त्याची वकिलीची सनद काही काळासाठी रद्द होते, तेव्हा त्याला पोटापाण्याच्या काळजीपेक्षा चारचौघांत झालेली शोभा अधिक जाळते. त्याचा दारुडा सोबती तळीराम नेमक्या त्याच घडीला प्याला पुढे करतो. म्हणून दारू हे त्याच्या पतनाचे साधन आहे; कारण शोधायचे ते त्याच्या मानी स्वभावात, असे माझे मत आहे.

याचा पुरावा पुढे, व्यसनाच्या भरातही मिळतो. माहेरची पैही घ्यायची नाही, अशी शपथ तो सिंधूला घालतो. हा प्रसंग मी विद्यार्थ्यांना दोनदा मोठ्याने वाचायला सांगतो. पहिल्या वाचनात तो नवऱ्याचा जुलूम वाटतो आणि तो जुलूम आहेच. दुसऱ्या वाचनात मात्र, सारे काही गमावत चाललेल्या माणसाने हातात उरलेला स्वाभिमान बायकोच्या पोटावर पाय देऊन कसा राखला, हे उघड होते. ती शपथ पाळण्यासाठी दळणे दळण्याची पाळी सिंधूवर येते. त्याचा गुण आणि त्याचा दोष वेगवेगळे काढून दाखवता येत नाहीत, ते इथे.

मधल्या भागात तो दारू सोडतो, हे पुष्कळ उत्तरांत राहूनच जाते. शुद्धीवर आलेला सुधाकर काम मागायला बाहेर पडतो, जुन्या ओळखीचे लोक त्याला झिडकारतात आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. पहिल्या घसरणीला जे निमित्त झाले, तेच दुसऱ्या घसरणीलाही होते, फक्त आता त्याला परिणाम ठाऊक आहे. शोकनायक अगदी निर्दोष नसावा आणि दुष्टही नसावा, हे ॲरिस्टॉटलचे म्हणणे परीक्षेत लिहायचेच असेल, तर ते या प्रसंगाला जोडून लिहावे; सुटी व्याख्या लिहून गुण मिळत असतील, समज वाढत नाही.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. गडकरी वारले जानेवारी 1919 मध्ये आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यात सुधाकर गणपतराव बोडसांनी केला होता. पण बालगंधर्वांच्या सिंधूची आठवण इतकी दाट आहे, की नाटकाविषयी वाचताना नायक सारखा बाजूला पडतो. उरलेली जागा तळीरामाच्या कोट्या घेतात. (त्या वाचाव्यातच, फक्त परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे.) शिवाय गडकऱ्यांची लांबलचक, अलंकारांनी भरलेली स्वगते आजच्या कानाला जड जातात आणि नवखे वाचक ती गाळतात. सुधाकराच्या बाबतीत तसे करू नये. त्याचे वक्तृत्व वकिलाचे आहे. स्वतःच्या नाशाचीही तो कैफियत मांडतो, आणि इतके नीट कळूनही त्याला थांबता येत नाही.

शेवटच्या अंकात त्याच्या हातून मूल जाते, सिंधू मरणाच्या दारी असताना नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटे सांगते आणि तो विष घेतो. हे प्रायश्चित्त, की कुणाच्या उपकाराखाली न जगण्याचा तोच जुना हट्ट, यावर आमच्या वर्गात दरवर्षी दोन तट पडतात. मी दुसऱ्या तटाकडे झुकतो. तुम्ही कोणतीही बाजू घेतलीत तरी आधार म्हणून शपथेच्या प्रसंगातली त्याची वाक्ये द्यावीत.