वापरलेला रिको जीआर पारखून घेताना
रस्त्यावरील छायाचित्रणासाठी वापरलेला छोटा कॅमेरा घ्यायचा असेल, तर २०१३ सालचा रिको जीआर मला आजही सर्वांत योग्य वाटतो. खिशात मावणाऱ्या या कॅमेऱ्यात एपीएस-सी आकाराचा, म्हणजे अनेक मोठ्या कॅमेऱ्यांत असतो तेवढा, सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) आहे, आणि स्नॅप फोकस (ठरवलेल्या अंतरावर लगेच फोकस करण्याची सोय) आधीच दोन मीटरवर ठेवला, तर क्षण निसटत नाही.

मात्र पुढे-मागे सरकणाऱ्या लेन्समधून आत गेलेली धूळ सेन्सरवर बसते आणि कॅमेरा उघडल्याशिवाय निघत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी एफ/१६ छिद्रमान, म्हणजे लेन्सचे छिद्र अगदी लहान, ठेवून निरभ्र आकाशाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घ्यावे, ते पडद्यावर मोठे करून कोपऱ्यांपर्यंत पाहावे, आणि काळे ठिपके दिसल्यास सफाईचा खर्च किमतीतून वजा करण्याचा आग्रह धरावा. लेन्स अडखळत किंवा घरघरत बाहेर येत असेल, तर तो कॅमेरा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.