भाजा, परता की शेका? पाककृती वाचताना होणाऱ्या या चुका टाळा

पाककृतीत 'रवा भाजून घ्या' एवढंच लिहिलेलं असतं. कोरडा की तुपावर, गुलाबी होईपर्यंत की नुसता हलका होईपर्यंत, हे लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. मग उपम्याचा गिचका झाला की बोल पाण्याच्या प्रमाणाला लागतो. पुष्कळदा चूक त्याआधीच, कढईत झालेली असते.

ढोबळ हिशेब असा. भाजणं म्हणजे कोरडं किंवा जेमतेम तेलातुपावर, मंद आचेवर, आतपर्यंत उष्णता पोचू देणं. परतणं म्हणजे थोड्या तेलात उलथन्याने सारखं खालीवर करत राहणं. तळणात पदार्थ तेलात बुडतो. शेकणं थेट आचेवर किंवा निखाऱ्यावर, तेही थोडाच वेळ. बेसनाच्या लाडवाला मात्र भरपूर तूप लागतं, तरी बेसन आपण 'भाजतो'च, कारण काम तेच: कच्चेपणा दाण्याच्या आतून घालवायचा.

कांदा-खोबरं एकत्र भाजणं

रश्श्याच्या वाटणात सर्रास होणारी चूक. कांद्यात पाणी भरपूर. ते आहे तोवर कढईतला माल १०० अंशांच्या आसपासच अडकतो, आणि तांबूस रंग यायला साधारण १४० अंशांपुढे जावं लागतं. त्यामुळे खोबरं आधी कांद्याच्या वाफेत मऊ पडतं आणि कांद्याचं पाणी आटून तो रंगायला लागेपर्यंत बारीक कीस तळाशी काळा होतो.

दोन मध्यम कांदे आणि अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस असेल, तर आधी कीस कोरडाच मंद आचेवर ३-४ मिनिटं भाजा. बदामी झाला की लगेच ताटात काढा. कढईत ठेवलात तर गॅस बंद करूनही तो रंगतच राहतो. मग त्याच कढईत दोन चमचे तेलावर उभा चिरलेला कांदा मध्यम आचेवर परता. कडा तपकिरी व्हायला दहा-बारा मिनिटं लागतात. घाईपोटी मीठ टाकलंत तर कांदा लवकर मऊ होईल, पण सुटलेलं पाणी आटेपर्यंत रंग धरणार नाही. भाजीसाठी ते चालतं, वाटणासाठी नाही. ओलं खोबरं घेतलंत तर वेळ जवळजवळ दुप्पट धरा.

'खमंग'ला 'खरपूस' समजणं

खमंग हे वासाचं काम, खरपूस हे रंगाचं आणि कुरकुरीतपणाचं. तीळ, खसखस, जिरं यांचा वास रंगाच्या आधी येतो. तीळ तडतडायला लागले, एखादा उडाला, की थांबायचं. रंगाची वाट पाहिलीत तर चटणी कडू होते, आणि तो कडवटपणा गुळाने झाकला जात नाही. शेंगदाण्यांना उलट धीर हवा: मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, चिमटीत चोळून साल सुटेपर्यंत. भर आचेवर ते बाहेरून डागाळतात, आतून कच्चेच राहतात आणि कूट दाताला चिकटतं.

थालीपिठाची भाजणी खमंगच हवी. चकलीची मात्र हलकी. चकलीसाठी तांदूळ-डाळी जास्त भाजल्या गेल्या, की पिठाची चिकटाई कमी होते आणि सोऱ्यातून चकली पडतानाच तुटते. दोन्ही भाजण्यांत धान्यं एकत्र भाजू नका: धने होतात तेव्हा हरभऱ्याची डाळ नुसती कोमट असते.

बेसन 'हलकं' व्हायच्या आत उतरवणं

सुरुवातीला बेसन तुपात जड गोळ्यासारखं फिरतं, मग सैल होतं आणि उलथनं हाताला हलकं लागतं. मंद आचेवर दोन वाट्यांना २५-३० मिनिटं जातात. त्याआधी उतरवलंत तर लाडू टाळूला चिकटतो. पिठीसाखर बेसन कोमट झाल्यावरच. गरम असताना घातलीत तर लाडू चपटे होऊन बसतात.

भाकरी भाजण्याआधीच शेकणं

तव्यावर टाकलेल्या भाकरीला वरून पाणी फिरवतात. ते पुरतं सुकू दिलंत तर भाकरीला भेगा जातात. पृष्ठभाग अजून दमट असतानाच उलटा. दुसरी बाजू तव्यावर नीट भाजू द्या, आणि मगच आचेवर शेका. बरेचजण दुसरी बाजू अर्धवट ठेवून आचेवर नेतात. मग पापुद्रा सुटत नाही, मध्ये कच्चं राहतं आणि कडा मात्र काळ्या.

'लागलं' आणि 'करपलं' यांत गल्लत

खाली लागलेलं वाचतं, करपलेलं सहसा नाही. भाजी किंवा खिचडी तळाला लागल्याचं कळताच गॅस बंद करा. ढवळू नका, तळ खरवडू नका, वरचा भाग अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. एक घास चाखून पाहा. धुराची चव वरपर्यंत गेली असेल तर दही-लिंबाने ती जात नाही. फोडणीतली मोहरी किंवा लसूण जळला असेल तर प्रश्नच नाही: दोन चमचे तेलाची हळहळ न करता ते टाकून द्या, कढई पुसून घ्या आणि नव्याने फोडणी करा.