दगड ओळखायचा तर आधी फोडा

रंगावरून दगडाचं नाव सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. मी बीड जिल्ह्यात विहिरींची कामं घेतो. यारीनं, म्हणजे विहिरीवरच्या क्रेननं, वर आलेला माल बघून पुढचा परस (पुरुषभर खोली) टिकावानं निघेल की सुरुंग भरावा लागेल, हे सांगावं लागतं. तिथं रंग हमखास फसवतो. उन्हापावसात पडलेल्या दगडावर तांबूस-पिवळी साल चढते, आत तो काळाकुट्ट असतो. म्हणून डोळ्यांना चष्मा लावा, दगड फोडा, ताजी बाजू पाण्यानं ओली करा आणि भिंगातून बघा.

खडकांची घराणी तीन. वितळलेला रस थिजून झालेले अग्निज, गाळ साचून घट्ट झालेले स्तरित, आणि जुनाच खडक उष्णता नि दाबाखाली बदलून झालेले रूपांतरित. पण मराठवाड्यात ही वाटणी सारखी नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थरावर थर पसरले. नांदेडचा पूर्वेकडचा भाग सोडला तर बांधावरचा दगड बहुतेक बेसाल्टच, म्हणजे अग्निज. कैलास लेणं त्यातच कोरलंय आणि दौलताबादचा कडाही त्याचाच.

गंमत अशी की हा एकच खडक विहिरीत चार सोंगं घेतो. घण उडवून लावणारा काळा पाषाण हे पहिलं. तो जड असतो, भिंगातूनही दाणे जेमतेम दिसतात, कारण लाव्हा लवकर थंड झाला आणि स्फटिकांना वाढायला वेळच मिळाला नाही. दुसरा भोकाभोकांचा, पांढऱ्या-हिरवट ठिपक्यांचा. ती भोकं वायूच्या बुडबुड्यांची. पुढं त्यांत झिओलाइट, कॅल्साइट (चुन्याचं खनिज) किंवा गारगोटी (क्वार्ट्झ) ही खनिजं भरली. तिसरा मुरूम, म्हणजे कुजलेला बेसाल्ट. त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे निघतात. चौथा लाल मातकट पट्टा. लोक त्याला गाळाचा खडक समजतात. बहुतेक ठिकाणी तो एका लाव्हाथराचा कुजलेला माथा असतो, ज्यावर पुढचा लाव्हा येऊन पसरला. आम्हाला तो दिसला की कळतं, आता खालचा थर लागला.

दुसरी परीक्षा ॲसिडची. संडास साफ करायचं ॲसिड पाण्यात ओतून पातळ करा (ॲसिडमध्ये पाणी ओतू नका), हातमोजे घाला आणि एक थेंब टाका. फसफसलं तर त्यात चुना आहे. लिंबाचा रसही चालतो, पण त्याचा फेस बारीक. इथं एक चकवा आहे: बेसाल्टच्या भोकातलं कॅल्साइटही फसफसतं. म्हणून थेंब पांढऱ्या ठिपक्यावर नको, काळ्या अंगावर टाका. ठिपका कशाचा ते बघायला त्यावर वेगळा थेंब टाका. तो फसफसला नाही आणि त्यानं काचेवर ओरखडा काढला तर ती गारगोटी. चाकूनं खरवडला गेला तर झिओलाइट असण्याची शक्यता जास्त.

नांदेडच्या देगलूर-बिलोलीकडं गेलात की चित्र बदलतं. तिथं ग्रॅनाइट उघडा पडलाय. गुलाबी किंवा पांढरट फेल्डस्पार, काचेसारखं क्वार्ट्झ, चमकणारा काळा अभ्रक, सगळे दाणे नुसत्या डोळ्यांना दिसतात. हाही अग्निजच, पण जमिनीखाली सावकाश थंड झालेला. आपल्याकडंही तो आहे, फक्त खोल. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला बोअर घेतलं तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली गाळाचा पातळसा थर आणि मग ग्रॅनाइटी खडक लागला. माझ्या यारीचं ते काम नव्हे.

स्तरित खडक शेतात शोधत बसू नका, घरात बघा. शहाबादी फरशी हा चुनखडक, कडप्पाही बहुधा तोच. शिल्लक तुकड्यावर थेंब टाकून बघा. परळीच्या थर्मलमध्ये जळणारा, बाहेरून येणारा कोळसाही याच घराण्यातला. वालुकाश्म घासला की बरेचदा वाळूचे दाणे हाताला लागतात. बेसाल्टचे कधी लागत नाहीत. गोदाकाठी मात्र चुन्यानं बांधलेले वाळू-गोट्यांचे थर सापडतात. काळ्या मातीतले पांढरे चुनखडीचे खडे तर सगळ्यांच्या ओळखीचे.

रूपांतरितासाठी आजोबांची दगडी पाटी काढा. चिखलाचा खडक दाबला जाऊन पाटीचा दगड होतो, म्हणून तो सपाट पापुद्र्यांत फुटतो. चुनखडकाचा संगमरवर होतो. तोही फसफसतो, पण ताज्या बाजूवर साखरेसारखे स्फटिक चमकतात. बीबी का मकबऱ्यात तो बघता येतो, जयपूरकडून आणलेला. तिथं नुसतं बघायचं. हातोडा, चाकू, ॲसिड यांतलं काही वास्तूला आणि लेण्यांना लावायचं नाही. काळे-पांढरे पट्टे दिसले आणि दाणे एकमेकांत घट्ट अडकलेले असले, तर तो ‘नाईस’ नावाचा रूपांतरित खडक. नांदेडच्या ग्रॅनाइटासोबत तोही दिसतो.

शेवटी स्वयंपाकघराचा ओटा. दुकानात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून मिळतो त्यात भिंगातून काचेसारखं क्वार्ट्झ शोधा. सापडलंच नाही तर तो बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो, म्हणजे बेसाल्टचाच जमिनीखाली थिजलेला भाऊ. ओट्याला उत्तमच, बिल मात्र ग्रॅनाइटचंच येतं.