रेड हॅट सॅटेलाइटवर सबस्क्रिप्शन सांभाळताना या चुका टाळा

रेड हॅट लिनक्सच्या सर्व्हरवर 'डीएनएफ अपडेट' (पॅकेज अद्ययावत करणारी कमांड) सुरळीत चाललं की परवान्याचं सगळं ठीक आहे, असं धरून चालण्याची सवय जुनी आहे. पूर्वी ती फारशी चुकीची नव्हती, कारण सबस्क्रिप्शन जोडल्याशिवाय पॅकेजच मिळत नसत. सिंपल कंटेंट ॲक्सेस, म्हणजे एससीए, आल्यापासून चित्र बदललं. आता प्रत्येक होस्टला, म्हणजे नोंदवलेल्या मशीनला, सबस्क्रिप्शन जोडावं लागत नाही, आणि सॅटेलाइट (अनेक सर्व्हरची पॅकेज आणि नोंदणी एका जागेवरून सांभाळणारं रेड हॅटचं साधन) याच्या ६.१६ आवृत्तीमधून तर जोडणीची जुनी पद्धत काढूनच टाकली आहे. त्यामुळे पॅकेज मिळवण्याचा हक्क आणि मशीन वापरण्याचा हक्क हे दोन वेगळे हिशेब झाले. पहिला सर्टिफिकेटवर चालतो, दुसरा करारावर. पहिला बिघडला तर त्याच दिवशी कळतं. दुसरा बिघडला तर स्क्रीनवर काहीच दिसत नाही, नूतनीकरणाच्या वेळी बिल दिसतं. खालच्या बऱ्याच चुका या दोहोंची गल्लत केल्यामुळे होतात.

बोलायला सोपं जावं म्हणून एक मांडणी धरू: पणजीत पाटोला मुख्य कार्यालय, तिथे सॅटेलाइट. वेर्णा औद्योगिक वसाहतीत कारखाना, तिथे कॅप्सूल सर्व्हर, म्हणजे सॅटेलाइटचा तिथला प्रतिनिधी. मध्ये भाड्याची लाइन.

मॅनिफेस्ट डिलीट करू नका

मॅनिफेस्ट म्हणजे आपल्याकडे कोणती सबस्क्रिप्शन आहेत हे सॅटेलाइटला सांगणारी फाइल. काहीतरी अडलं की 'मॅनिफेस्ट काढून नवीन टाकू' हा सल्ला कोणीतरी देतोच. ऐकू नका. मॅनिफेस्ट डिलीट केला की त्यावर उभी असलेली रेड हॅटची उत्पादनं आणि रिपॉझिटरी (पॅकेजांचे साठे) यांचा आधार जातो. जुन्या पद्धतीवर चालणाऱ्या सॅटेलाइटवर होस्टना आणि ॲक्टिव्हेशन कीला (नोंदणीसाठी आधीच ठरवून ठेवलेल्या सेटिंगला) जोडलेली सबस्क्रिप्शनही सुटतात. ते बटण डिबगिंगसाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही.

काही बदलायचं असेल तर आधी रेड हॅटच्या हायब्रिड क्लाउड कन्सोलवर त्याच मॅनिफेस्टमध्ये सबस्क्रिप्शन वाढवा किंवा कमी करा. मग सॅटेलाइटमध्ये कंटेंट, सबस्क्रिप्शन्स, मॅनेज मॅनिफेस्ट या वाटेने जाऊन रिफ्रेश करा. कमांडवरून करायचं तर 'हॅमर सबस्क्रिप्शन रिफ्रेश-मॅनिफेस्ट' आणि पुढे ऑर्गनायझेशनचा (सॅटेलाइटमधल्या स्वतंत्र विभागाचा) आयडी. एससीएमध्ये मॅनिफेस्टात प्रत्येक उत्पादनाचं निदान एक सबस्क्रिप्शन असलं की कंटेंट दिसतो. म्हणून मॅनिफेस्टातल्या आकड्याला मशीनची मोजणी समजू नका.

एकच मॅनिफेस्ट दोन ऑर्गनायझेशनमध्ये चढवायचा प्रयत्न केला तर तो आधीच दुसऱ्या मालकाने आयात केलाय, अशा अर्थाची एरर येते. मुख्य कार्यालय आणि कारखाना यांच्यासाठी खरंच दोन ऑर्गनायझेशन हवी असतील तर कन्सोलवर दोन वेगळे मॅनिफेस्ट बनवा. पण आधी विचार करा, हवीतच का? लोकेशन आणि लाइफसायकल एन्व्हायर्नमेंट (चाचणी, प्रत्यक्ष वापर असे टप्पे) वेगळी ठेवून बहुतेक ठिकाणी काम भागतं.

मॅनिफेस्टची झिप फाइल हातात आहे पण आत काय आहे कळत नाही, अशा वेळी 'आरसीटी कॅट-मॅनिफेस्ट' चालवा. आतली सबस्क्रिप्शन, करार क्रमांक आणि तारखा छापून येतात. तिकीट उघडण्याआधी ही दोन मिनिटं खर्च करावीत.

नूतनीकरण झालं, सॅटेलाइटला पत्ता नाही

पैसे भरले, पुरवठादाराचा ईमेल आला, तरी सॅटेलाइटवर सबस्क्रिप्शन संपल्याचं दिसतंय. यात सहसा दोनपैकी एक गोष्ट झालेली असते.

एक म्हणजे, पुरवठादाराने ऑर्डर वेगळ्या रेड हॅट खात्यावर नोंदवली. खरेदी विभागातल्या कोणाच्या तरी ईमेलवर नवीन खातं उघडलं गेलं आणि सबस्क्रिप्शन तिथे जाऊन बसली. यावर औषध एकच: खरेदी आदेशातच आपल्या रेड हॅट खात्याचा क्रमांक लिहायचा, 'याच खात्यावर नोंद करावी' या वाक्यासकट. सरकारी खात्यांनी जेम या सरकारी ई-बाजारपेठेतून खरेदी करताना तर हे तांत्रिक अटींतच घालावं. मागाहून सबस्क्रिप्शन एका खात्यातून दुसऱ्यात हलवायला रेड हॅटशी पत्रव्यवहार करावा लागतो, आणि तोवर इथे ३१ मार्च उलटून गेलेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे, जुन्या कराराचं नूतनीकरण न होता नवा करार झाला. मग जुनी सबस्क्रिप्शन मुदत संपल्यावर मॅनिफेस्टमधून गळतात आणि नवी आपोआप आत येत नाहीत. नवी सबस्क्रिप्शन खात्यात दिसायला लागली की ती मॅनिफेस्टमध्ये घाला, रिफ्रेश करा, आणि मगच जुनी संपू द्या. दोन्ही करार काही दिवस एकमेकांवर चढलेले राहतील अशी तारीख पुरवठादाराकडून मागून घ्या. हा क्रम उलटला तर रिपॉझिटरी सिंक ४०३ देऊन थांबतो.

तारखेचं आणखी एक. करार संपायची तारीख गणेश चवथीच्या आठवड्यात येत असेल तर ती पुढेमागे करून घ्या. त्या आठवड्यात इथे ना खरेदी विभागात कोणी भेटतं, ना पुरवठादाराकडे.

मोजणी कोणाच्या भरवशावर?

नेहमीचं आरएचईएल (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स) सर्व्हर सबस्क्रिप्शन एकतर दोन सॉकेटपर्यंतच्या एका प्रत्यक्ष मशीनला पुरतं, किंवा दोन व्हर्च्युअल मशीनना. चार सॉकेटचा सर्व्हर असेल तर दोन लागतात. व्हर्च्युअल डेटासेंटर्स हा प्रकार वेगळा: तो हायपरव्हायझरच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या यजमान सर्व्हरच्या) सॉकेट-जोडीवर मोजला जातो आणि त्या यजमानावर आरएचईएलची कितीही व्हर्च्युअल मशीन चालतात. मात्र त्यात आतली मशीनच येतात. यजमान स्वतः आरएचईएलवर चालत असेल तर त्याचं सबस्क्रिप्शन निराळं.

वेर्ण्याच्या कारखान्यात दोन सॉकेटचे ३ हायपरव्हायझर आहेत आणि त्यांवर आरएचईएलची १४ व्हर्च्युअल मशीन आहेत, असं समजा. साधी सबस्क्रिप्शन घेतली तर ७ लागतील, व्हर्च्युअल डेटासेंटर्स घेतली तर ३. आता क्लस्टरमध्ये आणखी ३ यजमान आले आणि मशीन कुठेही सरकू शकत असतील, तर ३ ची ६ होतात, जरी त्या नव्या तिघांवर आज एकही आरएचईएल मशीन नसलं तरी. इथे बरेच जण फसतात. व्हर्च्युअलायझेशन सांभाळणाऱ्याला परवान्याची कल्पना नसते आणि परवाना सांभाळणाऱ्याला क्लस्टर वाढल्याचा निरोप मिळत नाही. उपाय म्हणून आरएचईएलची मशीन ठरावीक यजमानांवरच राहतील असा अफिनिटी नियम घाला आणि तो नियम लेखी ठेवा.

कोणतं मशीन कोणत्या यजमानावर आहे हे सॅटेलाइटला व्हर्ट-हू हा प्रोग्रॅम सांगतो. सॅटेलाइटमधून बनवलेल्या त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये कालावधी मुळात दोन तासांचा असतो. एससीए आल्यावर 'आता व्हर्ट-हूची गरज नाही' म्हणून तो बंद केला जातो. पॅकेज त्याच्याशिवायही मिळतात हे खरं, पण व्हर्च्युअल डेटासेंटर्सची मोजणी त्याच्याशिवाय बरोबर होत नाही: एकेक मशीन सुटं धरलं जातं आणि वापर फुगलेला दिसतो. व्हीसेंटरच्या (व्हीएमवेअरच्या व्यवस्थापन साधनाच्या) ज्या वापरकर्त्याने व्हर्ट-हू लॉगिन करतो त्याचा पासवर्ड बदलला की अहवाल गुपचूप थांबतो, म्हणून पासवर्ड बदलायच्या यादीत व्हर्ट-हूचं नाव असू द्या. त्या खात्याला फक्त वाचण्याची परवानगी पुरते.

रेड हॅटची फुकट डेव्हलपर सबस्क्रिप्शन २०२१ पासून १६ सिस्टिमपर्यंत चालते, पण ती व्यक्तीसाठी आहे. कंपनीतल्या कोणीतरी आपल्या वैयक्तिक खात्यावर कारखान्याचे सर्व्हर नोंदवले असतील तर ते कामचलाऊ धोरण नाही, ऑडिटमध्ये सापडणारी चूक आहे.

क्लोन केलेली मशीन

सॅटेलाइटवर सर्वांत जास्त गोंधळ घालणारी गोष्ट हीच. नोंदवलेल्या मशीनचं टेम्प्लेट केलं आणि त्यावरून पाच मशीन काढली, तर पाचही मशीनकडे '/ईटीसी/पीकेआय/कन्झ्युमर' मधलं एकच ओळखपत्र असतं. सॅटेलाइटवर नोंद एकच दिसते आणि तिच्यातली माहिती आलटून पालटून बदलत राहते. सकाळी एका मशीनचा आयपी, दुपारी दुसऱ्याचा. कुठल्या मशीनला कुठला पॅच लागला याचा हिशेब निरुपयोगी होतो आणि मोजणीत पाचाऐवजी एकच मशीन धरलं जातं.

दुरुस्त करताना मोठी चूक होते ती अशी: क्लोनवर जाऊन 'सबस्क्रिप्शन-मॅनेजर अनरजिस्टर' मारणं. ओळखपत्र तेच असल्यामुळे सर्व्हरवरची मूळ मशीनची नोंदच उडते. थोड्या वेळाने मूळ मशीन ४१० गॉन म्हणून ओरडायला लागतं. क्लोनवर 'सबस्क्रिप्शन-मॅनेजर क्लीन' चालवा, कारण ते फक्त स्थानिक प्रमाणपत्रं पुसतं, सर्व्हरला हात लावत नाही. मग नव्याने नोंदवा.

टेम्प्लेट बनवतानाच काळजी घेतली तर हे सगळं टळतं. टेम्प्लेट मशीन नोंदवूच नका. नोंदवलं असेल तर बंद करण्याआधी अनरजिस्टर करून मग क्लीन करा आणि '/ईटीसी/मशीन-आयडी' फाइल रिकामी करा. होस्टनेम बदलल्याशिवाय नोंदणी करू नका.

कधी नोंदणी करतानाच ४२२ एरर येते: या होस्टचा डीएमआय यूयूआयडी (मशीनच्या बोर्डात भरलेला ओळखीचा आकडा) आधीच्या होस्टशी जुळतो. मशीन पुन्हा उभं केलं असेल तर जुनी नोंद सॅटेलाइटवरून काढा, प्रश्न मिटला. पण प्रत्यक्ष दोन वेगळी मशीन एकच यूयूआयडी सांगत असतील तर 'डीएमआयडीकोड' ला 'सिस्टिम-यूयूआयडी' विचारून दोन्हीकडचं उत्तर ताडून पाहा. काही स्वस्त बोर्डांत निर्मात्याने सगळीकडे एकच आकडा भरलेला असतो. अशा वेळी 'यूयूआयडीजेन' ने नवा आकडा काढा आणि '/ईटीसी/आरएचएसएम/फॅक्ट्स' मध्ये 'यूयूआयडी.फॅक्ट्स' नावाच्या फाइलमध्ये जेसन स्वरूपात 'डीएमआय.सिस्टिम.यूयूआयडी' या नावापुढे लिहा. मग क्लीन, आणि पुन्हा नोंदणी.

एरर वाचा, अंदाज लावू नका

४०३ आली तर प्रमाणपत्राकडे बघा. 'सबस्क्रिप्शन-मॅनेजर रिफ्रेश' करा आणि पुन्हा प्रयत्न करा. तरी नाही झालं तर 'आरसीटी कॅट-सर्ट' ने '/ईटीसी/पीकेआय/एंटायटलमेंट' मधल्या प्रमाणपत्राची सुरुवात व शेवटची तारीख वाचा. ४०४ चा सबस्क्रिप्शनशी सहसा संबंध नसतो. कंटेंट व्ह्यू (पॅकेजांचा ठरवून ठेवलेला संच) त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये प्रमोट झालेला नाही, किंवा वेर्ण्याच्या कॅप्सूलवर सिंक अर्धा राहिलाय, हे आधी तपासा. ४१० म्हणजे सर्व्हरवरून नोंद गेलेली आहे, तिथे क्लीन करून पुन्हा नोंदणी हाच मार्ग. मशीनवरचा तपशील '/व्हार/लॉग/आरएचएसएम/आरएचएसएम.लॉग' मध्ये मिळतो. सॅटेलाइटच्या बाजूने आधी 'हॅमर पिंग' मारून सगळ्या सेवा जिवंत आहेत का बघा.

पावसाळ्यात एक वेगळाच प्रकार दिसतो. वीज खात्याची लाइन गेली, यूपीएस दमला, जुना सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, आणि बोर्डावरची बॅटरी गेलेली असल्यामुळे घड्याळ काही वर्षं मागे गेलं. आता प्रमाणपत्र 'अजून लागू झालेलं नाही' असं ठरतं आणि एरर एसएसएलची येते. लोक सबस्क्रिप्शन पुन्हा नोंदवत बसतात. आधी 'क्रॉनीसी ट्रॅकिंग' बघा, वेळ सुधारा, बॅटरी बदला.

फायरवॉलवर टीएलएस इन्स्पेक्शन (एन्क्रिप्ट केलेला संवाद उघडून तपासणं) चालू असेल तर सॅटेलाइटचा रेड हॅटच्या सीडीएनशी, म्हणजे पॅकेज पुरवणाऱ्या सर्व्हरशी, सिंक मोडतो. तिथे फक्त सर्व्हरच नाही, क्लायंटही प्रमाणपत्र दाखवतो. मधल्या फायरवॉलने संवाद उघडून पुन्हा बंद केला की ते प्रमाणपत्र पुढे पोचत नाही. पोर्ट ४४३ उघडा आहे एवढं पुरत नाही. रेड हॅटचे सीडीएन आणि सबस्क्रिप्शनचे दोन्ही पत्ते इन्स्पेक्शनमधून वगळायला लागतात.

रिलीज लॉक

ॲप्लिकेशन विकणाऱ्या कंपनीने सांगितलं म्हणून 'सबस्क्रिप्शन-मॅनेजर रिलीज' वापरून मशीन ९.४ वर बांधलं जातं. पण त्या बरोबर ईयूएस (ठरावीक आवृत्तीला वाढीव काळ पॅच देणाऱ्या) रिपॉझिटरी चालू केल्या नाहीत, तर ९.५ आल्यापासून त्या मशीनला नवे सुरक्षा पॅच मिळणं बंद होतं. 'डीएनएफ अपडेट' मात्र आनंदाने 'काही करायचं नाही' म्हणतं. लॉक लावायचा तर ईयूएसचा हक्क आपल्या सबस्क्रिप्शनमध्ये आहे का ते बघा, रिपॉझिटरी सॅटेलाइटवर सिंक करा, आणि लॉक कधी काढायचा ती तारीख होस्टच्या टिप्पणीत लिहा. आरएचईएल ७ ची देखभाल ३० जून २०२४ ला संपली. तिथे ईएलएस हे देखभाल संपल्यानंतरच्या पॅचचं वेगळं ॲड-ऑन लागतं, ते नसेल तर सॅटेलाइटवर मशीन हिरवं दिसूनही काही येत नसतं.

किरकोळ, पण वेळ खाणारं

'रेडहॅट.रेपो' फाइल हाताने बदलू नका, ती सबस्क्रिप्शन-मॅनेजर पुन्हा लिहून काढतो. एससीएमध्ये आपण स्वतः तयार केलेल्या उत्पादनाच्या रिपॉझिटरी नव्या होस्टवर बंद दिसल्या तर ॲक्टिव्हेशन कीच्या रिपॉझिटरी सेट्समध्ये ओव्हरराइड करून एनेबल करा. कीवर होस्टची मर्यादा घातलेली असेल आणि ती भरली असेल तर नोंदणी थेट नाकारली जाते. ती मर्यादा म्हणजे परवान्याची मर्यादा नव्हे. नोंदणीची कर्ल कमांड मुळात ४ तासच चालते, वेर्ण्याला पोचेपर्यंत दुपार होणार असेल तर तिची मुदत आधीच वाढवून घ्या. आणि सॅटेलाइट सर्व्हर स्वतःवरच नोंदवू नका.

युयुनी किंवा सुसे मॅनेजर (२०२५ पासून सुसे मल्टी-लिनक्स मॅनेजर) ही सॅटेलाइटसारखी साधनं वापरणाऱ्यांकडे मोजणीचं गणित दिसायला सोपं आहे: सबस्क्रिप्शन मॅचर रोज रात्री आपला अहवाल बनवतो. पण तोही सक्ती करत नाही, नुसतं सांगतो. अहवालात न जुळलेली मशीन दिसली तर आधी व्हर्च्युअल होस्ट मॅनेजर जोडलेला आहे का ते बघा. तो नसेल तर व्हर्च्युअल मशीन कोणत्या यजमानावर आहेत हे मॅचरला कळतच नाही.

मशीन निवृत्त करताना

जुना सर्व्हर बंद करून भंगारात काढला, पण सॅटेलाइटवर त्याची नोंद तशीच राहिली, हे सर्रास दिसतं. बंद करण्याआधी मशीनवर अनरजिस्टर करा. ते शक्य नसेल तर सॅटेलाइटवर होस्ट शोधून डिलीट करा. किती दिवसांत एखादं मशीन एकदाही हजर झालं नाही, हे कंटेंट होस्टच्या यादीत शेवटच्या चेक-इनच्या तारखेवर क्रम लावला की दिसतं. ९० दिवसांहून जास्त गप्प असलेली मशीन एकत्र काढा, त्या त्या विभागाला यादी पाठवा आणि उत्तर आल्यावरच डिलीट करा. त्यातलं एखादं कारखान्यातल्या कुठल्या तरी कोपऱ्यात चालूही असतं, फक्त त्याचं नेटवर्क तुटलेलं असतं.