रॅम खातंय कोण? लिनक्स कर्नलमधली गळती अशी शोधा

लातूरच्या एका डाळ मिलच्या वजनकाट्यावर लिनक्सचा पीसी आहे, ४ जीबी रॅमचा. आठ-दहा दिवस झाले की अडकायचा, मग मिलवाले बटण दाबून रीस्टार्ट करायचे. मी टॉप ही कमांड लावून बघितलं तर सगळ्या प्रोसेसची बेरीज १ जीबी सुद्धा होईना अन् मेमरी तर संपत आलेली. असं दिसलं की कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, संशय घ्यायचा: तो मेमरी घेतोय पण परत सोडत नाही, हीच गळती.

पण आधी खात्री करा. /प्रोक/मेमइन्फो उघडा, त्यात एसरिक्लेमेबल अन् एसअनरिक्लेम अशा दोन ओळी असतात, कर्नलनं स्वतःसाठी घेतलेल्या तुकड्यांच्या (स्लॅबच्या): परत सोडता येणारे अन् न येणारे. पहिली वाढली तर बहुतेक फाईलींच्या नाव-माहितीचा कॅश असतो, गरज पडली की कर्नल स्वतःच सोडतो, ड्रॉप कॅशेस या फाईलीत २ लिहिलं की लगेच खाली येतो. दुसरी ओळ मात्र तासातासाला वाढायलीय अन् खाली यायचं नावच घेत नाही, तर तिथंच पाणी मुरायलंय. मग हे तुकडे दाखवणारी स्लॅबटॉप कमांड साईजनुसार लावा. माझ्याकडं केमॅलॉक-४के, म्हणजे ४ केबीच्या तुकड्यांचा गठ्ठा, सगळ्यात वर होतं, पण त्यातून मेमरी कुणी घेतली ते कळत नाही.

त्यासाठी केमेमलीक हे गळती शोधायचं साधन. २००९ पासून कर्नलमध्येच आहे, पण डीबग केमेमलीक हा ऑप्शन चालू करून कर्नल बिल्ड करावा लागतो. ते काय करतं, तर सगळी मेमरी चाळून बघतं की घेतलेल्या तुकड्याचा पत्ता कुठं तरी लिहिलेला आहे का. आडतीच्या गोडाऊनात पोतं पडलंय पण पावती कुणाकडंच नाही, तसला तुकडा ते पकडतं. स्कॅन दर १० मिनिटाला आपोआप होतं, थांबायचं नसेल तर /सिस/कर्नल/डीबग/केमेमलीक मध्ये स्कॅन लिहा. त्याच्या आधी क्लिअर लिहून जुने संशयित बाजूला काढा, मग ज्या कामावर संशय आहे तेच काम शंभरदा करा, अन् स्कॅन दोनदा करा, एकदाच केलं तर खोटे आरोप पण येतात.

रिपोर्टमध्ये बॅकट्रेस येतो, म्हणजे मेमरी कुठल्या कुठल्या फंक्शनमधून घेतली त्याची यादी. माझ्या बॅकट्रेसमध्ये काट्याच्या सिरियल कार्डचा ड्रायव्हर निघाला. पण एक लक्षात ठेवा, मेमरी घेतली कुणी एवढंच त्यात असतं, सोडायचं विसरलं कोण ते कोड वाचूनच सापडतं, म्हणून त्या फंक्शनमधला एकेक रिटर्न बघा, खास करून एररचे. इथं चेकसम (रीडिंग नीट आलं का ते तपासायचा आकडा) चुकला की ड्रायव्हर केफ्री न करताच, म्हणजे मेमरी न सोडताच, परत फिरायचा. केबल ढिली, सेकंदाला एखादं रीडिंग खराब, दर वेळी ४ केबी, म्हणजे दिवसाला जवळपास ३३७ एमबी. दहा दिवसांचा हिशेब बरोबर जुळला!

केमेमलीकला काहीच सापडलं नाही तरी गळती नाही असं धरू नका. यादीत पडून राहिलेला तुकडा त्याला गळती वाटत नाही, अन् अॅलॉक पेजेस या फंक्शननं थेट घेतलेली मेमरीची पानं त्याला दिसत नाहीत, तिथं कुठलं पान कुणी घेतलं ते नोंदवणारं पेज ओनर लावा. कर्नल ६.१० किंवा पुढचा असेल अन् त्यात अॅलोकेशन प्रोफाईलिंग चालू असेल तर /प्रोक/अॅलॉकइन्फो बघा, कोडच्या कुठल्या ओळीनं किती मेमरी धरलीय ते सरळ दिसतं.

ड्रायव्हरच्या त्या रिटर्नआधी केफ्री घातल्यावर केबल मी मुद्दाम ढिलीच ठेवली अन् रात्रभर एसअनरिक्लेम लिहून काढला. सकाळी आकडा जागेवर होता, मग केबल घट्ट केली अन् साधा कर्नल परत टाकला, कारण केमेमलीकनं मशीन हळू चालतं.