भाषण ऐकताना वाक्यातला कर्ता शोधा

प्रचाराचं भाषण मन वळवण्यासाठीच रचलेलं असतं आणि त्यात गैर काही नाही. बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद या तीन गोष्टींनी मन वळतं, हे अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच मांडलं होतं. भावनेला हात घातला म्हणून भाषण खोटं ठरत नाही. मत देण्याआधी युक्तिवाद मात्र वेगळा काढून पाहायला हवा.

१. भाषण ऐकून झालं की त्यातली पाच-सहा मुख्य वाक्यं कागदावर उतरवा. 'ऐतिहासिक', 'अभूतपूर्व', 'सर्वांगीण' अशी विशेषणं खोडा. काही वाक्यांत मग जवळजवळ काहीच उरत नाही.

२. आता कर्ता शोधा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. 'निर्णय घेण्यात येईल', 'उपाययोजना केल्या जातील', 'काही चुका झाल्या' अशी वाक्यं आपल्या भाषेत फार सहज होतात आणि करणारा त्यांत कुठेच दिसत नाही. असं प्रत्येक वाक्य कर्तरी करून लिहा. निर्णय कोण घेणार? कधीपर्यंत? पैसा कुठून येणार? भाषणात याची उत्तरं नसतील, तर ती नुसती इच्छा आहे. तिला आश्वासन समजू नका.

'आम्ही' आणि 'आपण' यांवरही खूण करा. मराठीने हा फरक आपल्याला आयता दिला आहे. यश सांगताना 'आम्ही करून दाखवलं' आणि झळ सोसायची वेळ आली की 'आपल्याला सोसावं लागेल', अशी अदलाबदल दिसली तर तिथे थांबा.

३. आकडा उलटा करून वाचा. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली ६०० जणांचा जीव धोक्यात असल्याचा एक काल्पनिक प्रसंग लोकांपुढे ठेवला होता. '२०० जण नक्की वाचतील' असं सांगितल्यावर तो उपाय ७२ टक्के लोकांनी निवडला. तोच उपाय '४०० जण मरतील' अशा शब्दांत मांडल्यावर निवडणारे २२ टक्केच निघाले. म्हणून '९० टक्के काम झालं' ऐकलं की राहिलेलं १० टक्के कोणाचं, ते विचारा. 'दुप्पट' ऐकलं की आधी किती होतं, ते विचारा.

४. पुन्हा पुन्हा कानावर पडलेलं विधान खरं वाटू लागतं. त्यामुळे घोषणेची गोष्ट निराळी ठेवा: ती पटली आहे की नुसती पाठ झाली आहे, हे तपासा.

५. हे सगळं आवडत्या उमेदवाराच्या भाषणापासून सुरू करा. माझा हात तिथेच अडखळतो, आणि म्हणूनच मी तिथून सुरुवात करते.

सभेत बोलायची संधी मिळाली तर लांबण लावू नका, मोठे प्रश्न सहज टाळले जातात. कागदावरचं एकच वाक्य वाचून दाखवा आणि विचारा, "हे कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत?" उत्तर तारखेसह लिहून ठेवा.