एमडी इमर्जन्सीचा विचार करणाऱ्या आदिवासी डॉक्टरांनो, आधी व्हॅलिडिटी

आदिवासी डॉक्टर, इमर्जन्सी मेडिसिन, स्कॉलरशिप असं इंग्रजीत शोधलं की ऑस्ट्रेलिया समोर येतं. तिथल्या इमर्जन्सी मेडिसिन कॉलेजची जोसेफ एपस्टीन स्कॉलरशिप आहे, पण ती तिथल्या अ‍ॅबोरिजिनल, टोरेस स्ट्रेट आयलंडर आणि न्यूझीलंडच्या माओरी प्रशिक्षणार्थींसाठी. आपला रस्ता महाडीबीटी या महाराष्ट्राच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून, आदिवासी विकास विभागाकडे जातो. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की विषय संपला. नॅशनल फेलोशिपच्या मागे लागू नका, ती पीएचडीवाल्यांची.

हे बहुतेकांना माहीत असतं. माणूस अडकतो तो व्हॅलिडिटीत, म्हणजे जमातीच्या वैधता प्रमाणपत्रात.

प्रांताधिकाऱ्यांनी दिलेला जमातीचा दाखला म्हणजे व्हॅलिडिटी नव्हे. दाखला खरा आहे की नाही हे अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समिती ठरवते, २००१ च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३ प्रमाणे. ज्यांनी एमबीबीएस राज्य कोट्यातून केलं त्यांच्याकडे ती असतेच. फसतात ते ऑल इंडिया कोट्यातून किंवा परराज्यात शिकून आलेले. तिथे केंद्राच्या नमुन्यातल्या दाखल्यावर साडेसात टक्के राखीव जागांत काम झालेलं असतं, साडेपाच वर्षं कुणी व्हॅलिडिटी विचारलेली नसते. मग नीट पीजी परीक्षेनंतर राज्याच्या सात टक्क्यांत फॉर्म भरताना पहिल्यांदा कळतं, आणि राउंड काही समितीच्या तारखेसाठी थांबत नाही. विद्यार्थी म्हणून अर्जाला कॉलेजचं पत्र लागतं, ते इंटर्नशिप चालू असतानाच मागून घ्या. एकदा कॉलेज सुटलं की त्या सहीसाठी क्लार्कच्या टेबलाशी किती खेटे पडतील याचा नेम नाही.

कागद वडिलांकडचेच लागतात. तुमचा आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबा, काका, आत्या यांच्या शाळेतल्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचे उतारे, जन्म-मृत्यू नोंदीचा गाव नमुना १४, जुने सातबारा आणि फेरफार, शपथपत्रावर वंशावळ. राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा, म्हणून त्याआधीची नोंद सोन्यासारखी. लग्न झालेल्या मुलींनीही माहेरचेच कागद जोडायचे, सासरची जमात इथे मोजत नाहीत.

आता नोंदवहीत नेमकं काय बघतात? समजा आजोबांच्या ओळीत जातीच्या रकान्यात 'कोळी' आहे आणि त्याआधी वेगळ्या शाईत, दाटीवाटीने 'महादेव' घुसवलंय, कारण जमातींच्या यादीत 'महादेव कोळी' आहे, नुसतं 'कोळी' नाही. तुमच्या हातातल्या टाइप केलेल्या उताऱ्यावर ते 'महादेव कोळी' असं स्वच्छ दिसतं. पण समितीचं दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ वही उघडतं, आणि त्या एका ओळीमुळे दावा हातचा जातो. म्हणून उतारा घेताना मूळ पान स्वतः डोळ्यांनी बघा, आणि नुसतं 'कोळी' असेल तर तसंच जोडा. 'दुरुस्त करून देतो' म्हणणारा एजंट प्रत्येक समितीच्या दाराशी उभा असतो. माझं स्पष्ट मत: त्याला चहासुद्धा पाजू नका. दावा अवैध ठरला तर मिळालेले लाभ काढून घेतले जातात, हेतू प्रामाणिक होता हा बचाव चालत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगून टाकलंय.

पण दावा खरा असेल तर घाबरू नका. २४ मार्च २०२३ च्या निकालात त्याच कोर्टाने म्हटलंय की आप्तभाव चाचणी, म्हणजे चालीरीती विचारून जमातीशी नातं तपासणं, ही एकमेव कसोटी नव्हे. वडिलांच्या किंवा सख्ख्या काकांच्या नावे नीट चौकशी होऊन मिळालेली व्हॅलिडिटी असेल तर निम्मी लढाई जिंकलात. तीच फाइलच्या सगळ्यात वर लावा. शहरात वाढलेल्या पोराला कुलदैवत, लग्नातले विधी सांगता आले नाहीत म्हणून तो आदिवासी नाही, असं होत नाही. तरी घरच्या म्हाताऱ्या माणसांशी आधी बसून बोला. तो वेळ वाया जात नाही.

सीटचं गणित थोडक्यात. एमडी इमर्जन्सीला मान्यता मिळाली २००९ मध्ये, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी जागा मोजक्याच. त्यातले सात टक्के प्रत्येक कॉलेजात दिसतीलच असं नाही, तेव्हा पसंतीक्रम लांब भरा, डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एमडीच्या तोडीची पदवी) हीही धरा. खासगी हॉस्पिटलांतल्या एमईएम (मास्टर्स इन इमर्जन्सी मेडिसिन) कोर्सला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची, म्हणजे एनएमसीची मान्यता नाही. 'काम तर तेच शिकतोस' म्हणणारे सीनियर भेटतील, पण त्यांना फी भरायची नसते.

सीट मिळाली की महाडीबीटी दरवर्षी नव्याने. एमबीबीएसनंतर सरकारी सेवेच्या बाँडमध्ये किंवा तयारीत वर्षं गेली असतील तर गॅपचं शपथपत्र आधीच करून ठेवा. 'सबमिट' म्हणजे 'मंजूर' नव्हे: अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला, मग आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाकडे जातो आणि कुठूनही परत येऊ शकतो. कॅज्युअल्टीत सलग नाइट करणाऱ्याला 'सेंट बॅक' दिसतं तेव्हा मुदत उलटलेली असते, म्हणून दर रविवारी एकदा लॉगिन. पैसे जातात आधार जोडलेल्या खात्यात. पगारासाठी नवीन खातं उघडलंत आणि बँकेने आधार तिकडे वळवलं, तर हप्ताही तिकडेच जाईल. जुनं पासबुक बघून 'आले नाहीत' म्हणून प्रकल्प कार्यालय गाठण्याआधी आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते तपासा.